टॅलीची वही आणि ऑनलाइन दुकान

बेळगाव-निपाणीकडील आमच्या पिढीच्या धान्यव्यापाऱ्यांनी रोजकीर्द व खतावणी यांच्या आधारे पेढ्या चालविल्या. पुढे टॅली आली. श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी 1986 साली या उद्योगाचा पाया घातला, आणि आज आपल्यापैकी अनेकांचा जमाखर्च तीतच लिहिला जातो. आता मुले ऑनलाइन दुकाने उघडू लागली आहेत. दुकान उघडणे सोपे आहे. त्याचा व वहीचा मेळ राखणे कठीण.

गतवर्षी लग्नसराईत आमच्या पेढीवर लाजिरवाणा प्रसंग ओढवला. गुदामात घनसाळ तांदळाची सहा पोती होती. ती सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाने उचलली व टॅलीत तशी नोंद झाली. ऑनलाइन दुकानातील आकडा मात्र चिरंजीवांनी हाताने भरलेला. तो तसाच राहिला. सायंकाळपर्यंत कोल्हापूरकडील तिघांनी पैसे भरून तोच तांदूळ मागविला. त्यांतील एका घरी कार्य चार दिवसांवर आले होते. पैसे परत केले. परंतु माल आहे असे सांगून मागाहून नाही म्हणण्याची पाळी चाळीस वर्षांत आली नव्हती.

दोष एवढाच की साठ्याचे आकडे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिले जात होते. साठ्याची वही एकच असावी, ती टॅली. जोडणीचा प्रोग्राम तीतील शिल्लक वाचून दुकानात दाखवितो आणि आलेली मागणी टॅलीत उतरवितो. ही देवघेव बहुधा एक्सएमएल नामक लेखनपद्धतीने होते. तथापि टॅलीचा संगणक रात्री बंद असेल तर निरोप सकाळपर्यंत अडतो. यास्तव दोन-तीन पोती राखीव ठेवून उरलेलीच दुकानात दाखवावीत.

मालाचे नाव दोन्हीकडे अक्षरशः एक हवे. 'तूरडाळ' व 'तूर डाळ' हे यंत्राला दोन निराळे जिन्नस वाटतात! प्रत्येक मालास एक क्रमांक द्यावा हे उत्तम. टॅलीत क्विंटल आणि दुकानात किलो असेल, तर 100 किलोंचा क्विंटल हे परिमाण आधीच नोंदवावे.

सुटा व पुडीतला माल हे तर निराळेच जिन्नस धरावेत. 18 जुलै 2022 पासून 25 किलोंपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. पोते फोडून पुड्या केल्या की तशी नोंद झालीच पाहिजे.

आम्हा सीमाभागातील व्यापाऱ्यांस आणखी एक पेच आहे. निपाणीची पुडी बेळगावास गेली तर केंद्राचा अडीच व राज्याचा अडीच टक्के कर. तीच हाकेच्या अंतरावरील कागलास गेली की आंतरराज्य विक्री, म्हणून आयजीएसटी 5 टक्के. सबब गिऱ्हाइकाच्या पत्त्यातील राज्य टॅलीत अचूक उतरते की नाही, हे प्रथम पाहावे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास तर परराज्यात माल विकताच येत नाही.

दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारातून विकल्यास कमिशन कापून पैसे हाती येतात. करपात्र मालावर टीसीएसही कापला जातो. तो 1 ऑक्टोबर 2018 पासून 1 टक्का होता, 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का झाला. बँकेत आलेली रक्कम हीच विक्री समजू नये. विक्री पूर्ण लिहावी, कमिशन खर्ची टाकावे आणि टीसीएस येणे म्हणून दाखवावा.

जोडणी झाल्यावर महिनाभर आम्ही रोज सायंकाळी गुदामातील पोती मोजून आकडे ताडून पाहिले. पहिल्या आठवड्यात तीनदा फरक निघाला. तिन्ही वेळा पोते फोडल्याची नोंद राहिली होती.