कानातली शिट्टी



रात्री अंग टाकलं, दिवा मालवला, की कानात रातकिडा किरकिरायला लागतो. उठून बाहेर पाहावं तर बाहेर सगळं सामसूम. ही तक्रार आपल्या शिवारात बऱ्याच जणांची आहे, पण ‘लोक येडं म्हणतील’ म्हणून कुणी बोलत नाही. सांगायचं ते हेच की हे वेड नव्हे नि करणीही नव्हे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत ‘कर्णनाद’ आहे. म्हणजे दुखणं जुनंच आहे.

ते होतं कसं? आतल्या कानात सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्या हलतात आणि मेंदूला खबर देतात. मोठ्या आवाजाच्या माऱ्यानं किंवा वयानं त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुधा उंच पट्टीचा आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. तिकडून खबर येईना झाली की मेंदू आपला कान टवकारतो. रेडिओवर स्टेशन लागत नसताना आवाज वाढवला तर नुसती खरखर येते ना, तसंच काहीसं हे. म्हणून ही शिट्टी बारीक नि उंच असते.

आता मारा कुठून होतो ते पाहू. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसतो; पुढं दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशेबानं १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात! बिनकेबिनचा ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, कारखान्यातलं मिल हाऊस, हे सगळं कानावर पडतंच. पोट आहे, करावं लागतं. पण डबल ट्रॉलीला मोठमोठे स्पीकर बांधून गाणी लावीत जाण्याची जी टूम निघाली आहे, तिचं काय? आपल्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीला १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मोठी सभा झाली. एवढी मोठी सभा वर्षानुवर्षांतून एकदा होते. ट्रॉलीवरचे स्पीकर मात्र हंगामभर गावावरून जातात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, हे ट्रॅक्टर मालक सभासदांनी ड्रायव्हरला सांगावं. आणि ज्याच्या डोक्यामागं तो स्पीकर असतो, त्या पोराचा कान सगळ्यात आधी जातो. मागून हॉर्न ऐकू आला नाही तर पुढचं आम्ही सांगायला नको.

आवाजाशिवायही कारणं असतात. कानात घट्ट बसलेला मळ, वाढलेला रक्तदाब, अंगात रक्त कमी असणं. जेंटामायसिन, पूर्वी क्षयावर सर्रास दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं, जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, कोयनेल, यांनीही कान वाजतात. शंका आली तर डॉक्टरांना विचारावं. औषध आपल्या मनानं बंद करू नये.

मळासारखं कारण निघालं तर तो काढल्यावर शिट्टी जाऊही शकते. पण पेशी गेल्यामुळं आलेली शिट्टी घालवणारी गोळी आजतरी जगात कुठंच नाही. जत्रेतलं तेल, कानात फुंकर, महागडी टॉनिकं यांवर उसाच्या बिलाचा पैसा घालू नये. गरम तेल नि काडी तर मुळीच नको, पडदा फाटतो.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे तिच्याकडं लक्ष लावून बसू नये. ऐकत बसलं की ती मोठी होते, झोप जाते, जीव चिडचिडा होतो, आणि थकल्या जिवाला ती आणखी मोठी वाटते. झोपताना खोली अगदी शांत ठेवू नये. पंखा असू द्या, रेडिओ बारीक लावा. शिट्टी बुडेल इतका मोठा नको, तिच्यासोबत ऐकू येईल इतकाच. काही महिन्यांत मेंदूला तिची सवय होते. गिरणीवाल्याला गिरणीची होते तशी. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं बऱ्याच जणांची शिट्टी मागं पडते. यंत्र लावायला लाजणारे चष्मा मात्र खुशाल लावतात, हे आम्हांला कोडंच आहे. मन फारच खचलं तर समुपदेशन घ्यावं. त्रास कमी करण्यात बोलून होणाऱ्या उपचारांचाच गुण सगळ्यांत चांगला सिद्ध झाला आहे.

उरलेला कान जपायचा तर कामावर फोमचे बोळे किंवा कानावरची टोपणं वापरावीत. नुसत्या कापसाच्या बोळ्यानं फारसं काही अडत नाही.

थांबू नये अशा वेळाही आहेत. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग घटतो. एकाच कानात आवाज येणं, नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप होणं, सोबत चक्कर येणं, तोंड वाकडं होणं, हेही दाखवलंच पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. श्रवणचाचणी झाली की तिचा कागद सातबाऱ्यासारखा जपून ठेवावा. पुढच्या वर्षी कान आणखी उतरला की नाही, ते त्यावरूनच कळतं.