कढईत आमटी किती मावेल?

प्रश्न : सप्ताहाच्या आमटीसाठी घेतलेल्या गोल बुडाच्या कढईचे तोंड १२० सेंटिमीटर रुंद व मध्यावरची खोली ३० सेंटिमीटर आहे. गोलाची त्रिज्या ठाऊक नसता तीत किती मावेल, हे काढता येईल काय?
— एक वाचक, नेवासे

उत्तर : त्रिज्येवाचून खोळंबण्याचे प्रयोजन नाही, कारण भास्कराचार्यांनी शके १०७२ मधील ‘लीलावती’त जीवा व शर यांवरून व्यास काढण्याची जी रीत दिली आहे, तीप्रमाणे अर्ध्या तोंडाच्या, म्हणजे ६० च्या, वर्गास खोलीने भागून त्यात खोली मिळविली की १५० सेंटिमीटर हा व्यास आयता हाती येतो. घनफळास तर त्याचीही गरज नाही : तोंडाच्या त्रिज्येच्या वर्गाची तिप्पट अधिक खोलीचा वर्ग, म्हणजे ११,७००, यास खोलीने व ३.१४१६ ने गुणून ६ ने भागावे. सुमारे १८४ लिटर येतात.

परंतु काठोकाठ आमटी कोणी शिजवीत नाही, आणि भल्याभल्या आचाऱ्यांचा अदमास चुकतो तो येथेच. निम्म्या खोलीपर्यंत भरलेल्या या कढईत निम्मा नव्हे, तर जेमतेम साडेएकोणपन्नास लिटर, चौथाईहून किंचित अधिक, ऐवज असतो.

हा हिशेब बूड खरोखर गोलाचा तुकडा असेल तरच दुरुस्त. ठोकून घडविलेल्या कढईची तशी हमी कोण देणार? सबब मध्यावर १५ सेंटिमीटर खोल होईल इतके पाणी भरून त्याच्या पृष्ठभागाची रुंदी मोजावी. ती ९० सेंटिमीटरच्या आसपास भरली तर ठीक. पुष्कळ अधिक भरली तर बूड चपटे समजावे, आणि मग सूत्र बाजूस ठेवून मापाने पाणी ओतीत मोजदाद करणेच श्रेयस्कर.