पोपटास भाजी खावयास कशी शिकवावी?

गेल्या जून महिन्यांत आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी वडिलांच्या बदलीमुळें परगांवीं गेला, आणि जातांना आपला पाळलेला कॉकाटील पक्षी विज्ञानाच्या वर्गास देऊन गेला. करडें अंग, पिवळा तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका असा हा ऑस्ट्रेलियांतील लहान पोपट आहे. आपल्याकडील हिरवा राघू तो नव्हे. राघूस पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे, हें ज्यांच्या ओसरीवर अद्याप त्याचा पिंजरा टांगलेला असेल त्यांनीं ध्यानांत घ्यावें. हल्लीं घरोघरीं दिसतात ते बहुधा कॉकाटील, नाहींतर बजरीगार. बजरीगारास आपल्या बाजारांत ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतील निराळेच पक्षी होत.

पाहुण्यासोबत एक डबा आला होता व त्यांत नुसतें सूर्यफुलाचें बीं होतें. त्यावांचून दुसऱ्या कशासहि तो चोंच लावीना. पक्षी दाणे खातो यांत नवल तें काय, असें पालकांस वाटेल. परंतु सूर्यफुलाच्या गरांत जवळजवळ निम्मा अंश तेलाचा असतो. माळरानांतील पक्षी अन्नपाण्यासाठीं दूरदूर उडतो. पिंजऱ्यांत बसून राहणाऱ्याच्या यकृतांत मात्र ती चरबी सांचते. दुसरी उणीव डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून अधिक घातक. कोरड्या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व नसल्यासारखेंच असतें आणि कॅल्शियमहि फार थोडें. गाजर, तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांत जें नारिंगी रंगद्रव्य असतें (पाल्यांत तें हिरव्या रंगाखालीं झांकलेलें असतें), त्यापासून पक्ष्याचें शरीर हें जीवनसत्त्व बनवितें. तें न मिळाल्यास नाकाचें, तोंडाचें व घशाचें अस्तर जाड होतें आणि रोगजंतूंस वाट मिळते. आमचा पाहुणा वारंवार शिंकत असे. पावसाळी हवा, असें म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष करीत होतों.

पुढें आमच्या हातून जें घडलें तें सांगावयास संकोच वाटतो, तरी सांगितलें पाहिजे. पुष्कळ वर्षें मुलांस शिकविल्यावर शिक्षकाच्या मनांत एक समजूत घर करते, कीं हट्ट हा हट्टानेंच मोडतो. भूक लागली म्हणजे मुकाट्यानें खाईल, असें ठरवून आम्हीं दाण्याची वाटी काढून घेतली आणि गाजराच्या फोडी ठेविल्या. तो दिवस त्यानें पाठ फिरवून काढला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं नववींतील एक मुलगी आम्हांस म्हणाली, “सर, तो पिसें फुगवून बसला आहे, आणि पिंजरा सकाळपासून स्वच्छच आहे.” ती स्वच्छता आम्हांस सुलक्षण वाटली होती. पोटांत कांहीं गेलें नाहीं म्हणून विष्ठा नाहीं, हें त्या मुलीच्या लक्षांत आलें आणि आमच्या आलें नाहीं! शाळेंत आला तेव्हां आठवीच्या मुलांनीं गणिताच्या तासास त्याचें वजन केलें होतें, तें ९४ ग्रॅम भरलें होतें. प्रयोगशाळेच्या तराजूवर आतां तें ८२ ग्रॅम भरलें. दाणे पुढें करतांच तो पाव तास मान वर न करितां खात राहिला. पशुवैद्य म्हणाले, शेंकडा दहांहून अधिक वजन उतरणें म्हणजे धोका. एवढ्याशा जिवाजवळ शिल्लक अशी नसतेच. आणखी एक रात्र गेली असती तर हा लेख लिहावयाचें कारण उरलें नसतें.

मग हा हट्ट नव्हता तर काय होतें? पिलूं आपल्या आईबापांकडे व थव्याकडे पाहून अन्न कोणतें तें शिकतें. ज्याच्यापुढें लहानपणीं सूर्यफुलावांचून कांहींच आलें नाहीं, त्यास गाजराची फोड हें अन्न आहे हें ठाऊकच नसतें. देशावरून आलेला विद्यार्थी वसतिगृहांत पहिल्यानें तिसऱ्यांचें कालवण पुढें आल्यावर कसा बसतो, तें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. त्यास उपाशी ठेवावें असें कधीं मनांत आलें नाहीं. शेजारचा मुलगा मिटक्या मारीत खातो, तें पाहून आठवड्याभरांत तोहि भात पुढें ओढतो.

तोच मार्ग आम्हीं धरिला. आधीं सूर्यफुलाच्या दाण्यांत राळे मिसळून तेल कमी केलें. मग त्याच दाण्यांस मोड आणून दिले. ओळखीच्या दाण्यास ओलावा व हिरवा कोंब आला, म्हणजे कोरड्याकडून ताज्याकडे जावयास एक पायरी झाली. सकाळीं पक्षी भुकेला असतो, म्हणून भाजी प्रथम. दाणे तासाभरानें, आणि पुन्हां सायंकाळीं, ठरलेल्या मापानें. पिंजऱ्याच्या दांडीस धुतलेल्या ओल्या कोथिंबिरीची जुडी टांगिली. पहिले चार दिवस तो तिला भ्याला, पांचव्या दिवशीं तिच्यांत अंग घुसळून न्हाला, आणि न्हातांना एक पान तुटून तोंडांत आलें. गाजर मात्र किसून, चिरून, उकडून, सर्व प्रकारें दिलें तरी व्यर्थ. रोज सकाळीं वजन करण्याचें काम त्या नववींतील मुलीनें आपणहून घेतलें, आणि तें उतरलें कीं ती त्या दिवशीं दाणे वाढवी.

येथें एक सूचना. पक्षी दाणा सोलून टरफल वाटींतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते आणि आंत एकहि दाणा नसतो. रोज फुंकर मारून पाहावें. भाजी सुरू झाल्यावर विष्ठा पातळ होते, त्यानें घाबरूं नये.

गाजराचा प्रश्न आठवींतील एका मुलानें सोडविला. मधल्या सुटींत तो आपला डबा घेऊन पिंजऱ्याशेजारीं बसे व गाजर कडकड चावून खाई. कोणासही शिकवावें असा त्याचा हेतु नव्हता. त्यास ती खोली थंड वाटे, इतकेंच. सातव्या आठवड्यांत एके दिवशीं पक्षी दांडीवरून सरकत सरकत त्याच्याजवळ आला आणि मान वांकडी करून पाहूं लागला. मुलानें हातांतील तुकडा गजांतून आंत धरिला. पक्ष्यानें तो घेतला, चावला, खालीं टाकला, आणि पुन्हां मागितला. त्या दिवशीं वर्गांत दुसरा कांहीं अभ्यास झाला नाहीं, हें आम्ही कबूल करितों.

आतां तो भोपळा, शेवग्याचा पाला, मक्याचें कोंवळें कणीस व सिमला मिरची खातो. त्याचें शिंकणें थांबलें आहे. फळांत साखर फार, म्हणून पेरू किंवा पपई बोटाच्या पेराएवढीच. कांहीं वस्तू पोपटास विषासमान आहेत: शहरांत हल्लीं मिळणारें अव्होकाडो, चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया. खारे शेंगदाणे व फरसाण पाहुण्यांनीं लाडानें देऊं नयेत. उन्हाळ्यांत चिरलेली भाजी दोन तासांच्या आंत उचलावी.

मे महिन्याच्या सुटींत पक्षी त्या नववींतील मुलीच्या घरीं राहणार आहे. तिच्या आईनें एकच अट घातली आहे, कीं तराजूहि सोबत पाठवावा.