पटकीच्या जंतूला विष कोणी दिले?

आपल्या कोल्हापूर भागात अनेक गावांच्या वेशीवर मरीआईचे देऊळ दिसते. पटकीच्या साथीने घरेच्या घरे ओस पडत, त्या काळाची ही खूण. हे जंतू एक विष स्रवतात आणि त्यामुळे रोग्याच्या शरीरातील पाणी जुलाबावाटे निघून जाते. या विषाचे अस्तित्व कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली प्रयोगाने दाखविले. पण जंतूला हे विष बनविण्याची विद्या दिली कोणी? १९९६ साली वॉल्डॉर व मेकॅलॅनोस या अमेरिकन शास्त्रज्ञांना उत्तर सापडले : एका विषाणूने!

जिवाणूंनाही विषाणूंची बाधा होते. काही विषाणू आपल्या असंख्य प्रती काढून जिवाणू फोडतात. काही मात्र त्याच्या डीएनएमध्येच बिऱ्हाड थाटतात. १९५१ साली एस्थर लेडरबर्ग यांनी जाहीर केलेला लॅम्डा हा विषाणू दोन्ही प्रकारे वागतो.

मी भौतिकीचा शिक्षक, म्हणून आधी मोजमाप करू. लॅम्डाच्या डीएनएत ४८,५०२ पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांतील अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार करा : लांबी सुमारे १६.५ मायक्रोमीटर. ज्यात तो शिरतो तो ई. कोलाय जिवाणू जेमतेम २ मायक्रोमीटर लांब!

आत शिरताच या धाग्याची टोके जुळून कडे बनते. जिवाणूचा डीएनएही कड्यासारखाच असतो. दोन्ही कड्यांत १५ पायऱ्यांचा एक तुकडा अगदी सारखा असतो. तेथे एक विकर दोन्ही कडी कापते आणि टोकांची अदलाबदल करून जोडते.

करून पाहा : तांबड्या दोऱ्याचे लहान व पांढऱ्याचे मोठे कडे घ्या. प्रत्येक एकेका ठिकाणी कापा. तांबड्याचे प्रत्येक टोक पांढऱ्याच्या एकेका टोकाला बांधा. दोन कड्यांचे एकच कडे झाले! ही कल्पना ॲलन कॅम्पबेल यांनी १९६२ साली मांडली.

आता जिवाणू दुभागला की विषाणूच्या डीएनएचीही आपोआप नक्कल होते. दर २० मिनिटांनी विभाजन झाले, तर एकाचे ५ तासांत ३२,७६८! अतिनील किरणांनी डीएनएला इजा झाली, की मात्र लॅम्डा बिऱ्हाड हलवतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो.

पटकीचा विषाणू याहून धूर्त. कापण्या-जोडण्याचे विकर तो स्वतः आणत नाही. जिवाणूचीच विकरे वापरतो. सोबत आणतो ते विषाचे जनुक. त्यामुळे विष न बनविणारा जंतूही विषारी होऊ शकतो. उंदरांच्या आतड्यात हे घडताना प्रयोगात दिसले आहे.

जाता जाता एक प्रश्न : वरील दोऱ्याच्या कड्यातून तांबडे कडे पुन्हा सुटे करायचे, तर कोठे कापाल?