ट्रकवाल्यांना विश्रांती नको असते का?

प्रश्न : मी नाहूर पूर्वेला राहतो. पूर्व द्रुतगती महामार्गावर ऐरोलीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या आसपास भर दुपारी ट्रक उभे असतात आणि ड्रायव्हर आत झोपलेले असतात. रात्री दहानंतर हेच ट्रक सुसाट निघतात. ट्रकचालकाने दिवसाला आठ तासच काम करावं असा कायदा आहे, असं वाचलं. तरी तासांच्या नियमाचं नाव काढलं की सगळ्यात आधी कुरकुर ड्रायव्हरच करतात. स्वतःच्या जिवाची काळजी नसलेली माणसं आहेत का ही?
— एक वाचक, नाहूर

उत्तर : जिवाची काळजी त्यांनाही तुमच्याआमच्याइतकीच असते. कुरकुरीचं कारण वेगळं आहे. ते कळण्यासाठी आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, मग तो रस्त्यावर का दिसत नाही ते, आणि शेवटी ज्याच्यासाठी केला त्यालाच तो नकोसा का वाटतो ते.

कायदा आहे, आणि चांगला जुना आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी परवानगीने ती १० आणि ५४ पर्यंत नेता येई. सलग ५ तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, विश्रांती धरूनही कामाचा दिवस १२ तासांपलीकडे लांबवायचा नाही, आणि एक दिवस संपून दुसरा सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने कलम ९१ मध्ये हेच तास वाहतुकीच्या गाड्यांच्या चालकांना लागू केले. आता १९६१ चा तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयक संहितेत विलीन झाला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातही दिवसाचे ८ तास कायम आहेत.

मग तो दिसत का नाही? जुना कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता, नव्या संहितेत हा आकडा १० आहे. आपल्याकडे बहुतेक ट्रकमालक एक, दोन किंवा चार गाड्यांचे. तिथे हजेरीपुस्तकच नसतं, मग तपासणी कशाची करणार? शिवाय हे काम कामगार खात्याचं. नाक्यावर गाडी अडवणारा वाहतूक पोलीस लायसन्स, कागदपत्रं, वजन आणि तोंडाचा वास तपासतो. ‘शेवटचा झोपलास कधी?’ हे विचारायची सोय त्याच्या यंत्रात नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन चालक असावेत, असा नियम पूर्वी होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती सक्ती काढून टाकली. तशीही ती बरीचशी कागदावरच होती, कारण दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार भाड्यातून निघत नाही. बऱ्याच गाड्यांवरून तर आता क्लीनरही गेला. म्हणजे गाडी चालवायची, ताडपत्री बांधायची, टायर बघायचे, मालावर नजर ठेवायची आणि रात्री जागं राहायचं, सगळं एकट्याने.

आता दोन गैरसमज बाजूला करू.

पहिला गैरसमज असा की ट्रकचा रात्रीचा अपघात म्हटला की दारूच असणार. दारू हे कारण असतंच, पण झोप तिच्यापेक्षा लबाड आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे १९९७ मध्येच प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. आपल्याकडे मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला पण रात्रभर जागलेला चालक मर्यादेपलीकडच्या मद्यप्यासारखा गाडी हाकत असतो आणि नळीत फुंकल्यावर निर्दोष सुटतो. ताशी ६० किलोमीटरने जाताना चार सेकंद डोळा लागला, तर गाडी पासष्टएक मीटर आपल्या मर्जीने जाते. केंद्र सरकारच्या वार्षिक अपघात अहवालात नियमभंगाची वर्गवारी पाहिली, तर अतिवेग, मद्यपान, उलट्या दिशेने गाडी, सिग्नल तोडणं, मोबाइल असे रकाने दिसतात. झोपेचा स्वतंत्र रकानाच नाही. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर दगावली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. यांतली किती डुलकीने गेली, हे या रकान्यांतून कधीच कळणार नाही.

दुसरा गैरसमज तुमच्या प्रश्नातच दडला आहे : दिवसा झोपतो, तर रात्री ताजातवाना असणारच! मे महिन्यातल्या दुपारी त्या केबिनचं दार उघडून पाहा. पत्रा तापलेला, इंजिनची धग अजून विझलेली नाही, काचा अर्ध्या खाली, तोंडावर ओला टॉवेल. काचा पूर्ण उघडाव्यात तर मोबाइल जातो, गाढ झोपावं तर टाकीतलं डिझेल. काही जण ट्रेलरच्या खाली झोळी बांधून पडतात, कारण तिथे निदान सावली आणि वारा असतो. शेजारून गाड्या हॉर्न देत जात असतातच. याला डोळे मिटणं म्हणता येईल, झोप नाही. त्यात शरीराचं घड्याळ आपलंच खरं करतं. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान ते माणसाला झोपेकडे ओढतं, दुपारी कितीही पडून घेतलं तरी. २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट. पण रस्त्यावरचे जुने ट्रक अजून बरीच वर्षं धावणार आहेत.

आता मूळ मुद्दा, कुरकुरीचा. एका साध्या दिवसाचा हिशेब मांडू. समजा, गाडी सकाळी सहाला भिवंडीच्या गोदामावर लागली. नंबर आला दुपारी. माल भरून, वाराईचे म्हणजे हमालीचे पैसे चुकते करून, मालाची पावती म्हणजे बिल्टी हातात पडेपर्यंत चार वाजले. संध्याकाळी मुंबई-ठाण्यात गर्दीच्या वेळची नो एंट्री. ती संपल्यावर रात्री दहाला गाडी निघाली आणि सकाळी सहाला मुक्कामी पोचली. स्टिअरिंगवर किती तास? बरोब्बर आठ. जागं किती तास? चोवीस. कामाचा दिवस १२ तासांत संपवण्याच्या नियमात हे बसत नाही, पण मोजणारा कुणी नसल्याने ते कुणाला दिसतही नाही.

इथे जुन्या कायद्यातली एक बारीक फट पाहण्यासारखी आहे. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा काळ १५ मिनिटांहून कमी असेल, तर तो कामाच्या तासांत धरावा, असं त्याची व्याख्या सांगते. दहा तासांच्या ताटकळण्याचं काय, याबद्दल तिथे अक्षर नाही. ते बहुधा बस डेपोच्या हिशेबाने लिहिलं गेलं असावं. ट्रकवाल्याचं आयुष्य मात्र गाडी भरणं आणि खाली करणं या दोन शब्दांच्या मधेच जातं.

बहुतेकांची कमाई फेरीवर ठरते, तासावर नाही. महिन्यात फेऱ्या जास्त तर हातात पैसे जास्त. थांबल्याबद्दलचं हॉल्टिंग काही ठिकाणी मिळतं, काही ठिकाणी मालकाच्या खिशात राहतं, काही ठिकाणी नुसतं आश्वासन असतं. अशा माणसाला ‘आठ तासांनंतर गाडी थांबव’ म्हटलं की त्याला ऐकू येतं ते ‘तुझ्या फेऱ्या कमी कर’. गोदामावर गेलेला दिवस त्याला कुणी भरून देत नाही, तो रात्री पळून स्वतःच भरून काढतो. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये मुंबईसह दहा शहरांत बाराशेहून अधिक चालकांची पाहणी केली. चालक दिवसाला सरासरी १२ तास गाडी चालवतात आणि जवळपास निम्म्यांनी थकलेलं, पेंगुळलेलं असतानाही गाडी हाकत असल्याचं कबूल केलं. धोका त्यांना ठाऊक आहे, हे त्या कबुलीतच आलं.

‘थांब’ म्हटलं तरी थांबायचं कुठे, ही त्यांची दुसरी तक्रार. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा शेकडो किलोमीटरच्या त्या सरळ रस्त्यावर थांबे आणि सोयी अगदीच तुटपुंज्या होत्या. जून २०२५ मध्ये हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत येऊन पोचला. सोय नसली की ट्रक कडेच्या पट्टीत उभा राहतो आणि मागून येणारी गाडी त्यावर आदळते. म्हणजे झोप टाळली तरी अपघात, झोप घेतली तरी अपघात. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाने खाटा, स्नानगृहं सुरू झाली आहेत. ती वाढली, तर विश्रांतीच्या नियमाला पाय टेकायला जागा मिळेल.

‘परदेशासारखं यंत्र बसवलं की झालं’ असंही काही जण सुचवतात. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला साधारण ९ तासांची मर्यादा असते. गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. अमेरिकेत कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि २०१७ च्या अखेरीपासून बहुतेकांना त्याची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. परिणाम मजेशीर झाला. तासांचं उल्लंघन घटलं, पण लहान वाहतूकदारांचे अपघात घटल्याचं संशोधकांना दिसलं नाही, उलट वेगाचे गुन्हे वाढले. गोदामावर ताटकळतानाही ते १४ तासांचं घड्याळ चालूच राहतं, मग उरलेल्या वेळात पोचायला चालक गाडी दामटतो. तिथल्या चालकांची तक्रार आणि भिवंडीच्या गेटवरची तक्रार शब्दशः जुळते. ऑस्ट्रेलियाने मात्र दोरीचं दुसरं टोकही धरलं. तिथे माल पाठवणारा, भरणारा आणि उतरवून घेणारा, हे सगळेच सुरक्षेला कायद्याने जबाबदार असतात.

जानेवारी २०२४ चा संप आठवत असेल. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पुढे भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी कलम १०६ चं ते दुसरं उपकलम स्थगित ठेवण्यात आलं. पळणं योग्य, असं चालकांचं म्हणणं नव्हतं. थांबलो तर जमाव मारतो, आणि साखळीतल्या सगळ्यांत शेवटच्या माणसाच्याच गळ्यात कायदा पडतो, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. तासांच्या नियमाकडेही ते याच नजरेने पाहतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर असं : तासांचा नियम हवा, आणि तो तुमच्या-माझ्याइतकाच ड्रायव्हरलाही हवा आहे. पण घड्याळ गेटवर नंबर लावल्यापासून चालू झालं पाहिजे, ताटकळण्याचे पैसे माल पाठवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने मोजले पाहिजेत, आणि रस्त्याच्या कडेला झोपायला जागा असली पाहिजे. ताटकळण्याचं बिल गोदामवाल्याच्या नावे जाऊ लागलं की गाड्या लवकर भरल्या जातील. लवकर भरलेली गाडी दिवसाउजेडी निघेल आणि रात्री तिचा ड्रायव्हर झोपेल.