दुसऱ्या दांड्याची गोष्ट : जुन्या फोर-व्हील गाडीची घरच्या घरी देखभाल

गाड्यांवर लेख म्हटला की आपल्या मॅगझिनमध्ये फॉर्म्युला वन नाहीतर इलेक्ट्रिक कार ठरलेलीच. मी मात्र तुम्हाला एका अशा जीपखाली घेऊन जाणार आहे, जी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि आमच्या गावच्या घरी छपरीत उभी असते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना पेन जरा अडखळतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला मोठ्या आईच्या छातीत दुखायला लागलं. मोठ्या बाबांनी जीप काढली. नाल्याच्या उतारावर मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरू लागली. मोठ्या बाबांनी गिअरच्या बाजूचा दुसरा दांडा, म्हणजे फोर-व्हीलचा, ओढला. तो हललाच नाही. शेजारच्यांचा ट्रॅक्टर येऊन जीप निघेपर्यंत दीड तास गेला. सुदैवाने हार्टचं काही निघालं नाही. पण तो दीड तास घरात कोणीच विसरलं नाही. मोठे बाबा म्हणाले, "आता हिले भंगारात देऊन टाकू." मी म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा." मेकॅनिकल ब्रँचला आहे, एवढ्याच जोरावर बोललो. त्या सुट्टीत जे शिकलो ते इथे लिहितो.

आधी थोडी थिअरी

महिंद्रने विलिस जीप आपल्या देशात जोडायला १९४० च्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या नवेगाव-नागझिऱ्यात सफारीला गेला असाल, तर जिप्सीत बसलाही असाल. या जुन्या गाड्यांमध्ये 'पार्ट-टाइम' फोर-व्हील ड्राइव्ह असते. एरवी फक्त मागची चाकं ओढतात. दुसरा दांडा टाकला की गिअरबॉक्सच्या मागे असलेली ट्रान्सफर केस पुढच्या शाफ्टलाही जोडते आणि चारही चाकं ओढायला लागतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. नव्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांत हा फरक सांभाळायला मध्ये डिफरन्शियल किंवा क्लच असतो. आपल्या जुन्या जीपमध्ये मध्ये काहीच नसतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट सरळ एकमेकांना बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरून हिशेब पूर्ण करतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग शाफ्टना पीळ बसतो, स्टीअरिंग जड होतं आणि दांडा अडकतो. असं झालं तर दांड्यावर लाथ मारू नका. गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि दांडा आपोआप निघतो.

टायरचंही तेच. जिप्सीच्या २०५/७० आर १५ टायरची त्रिज्या नवा असताना सुमारे ३३४ मिमी भरते. तोच टायर ६ मिमी झिजला की ३२८. एका किलोमीटरला नवा टायर सुमारे ४७६ फेरे घेतो, झिजलेला ४८५. म्हणजे पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर लावले, तर अगदी सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला आठ-नऊ फेऱ्यांचा पीळ! म्हणून फोर-व्हीलला चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत.

गाडीखाली जाण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. दोन्ही बाजूंना घोडी लावा, नसेल तर जाड लाकडी ठोकळे. विटा नकोत, त्या फुटतात. दुसरी गोष्ट मलाही माहीत नव्हती : कित्येक जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेत फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचेच.

घरी करता येणारी चार कामं

१. ऑईल बघणे. ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल, गिअरबॉक्स या प्रत्येकाला दोन प्लग असतात. वरचा भरायचा, खालचा काढायचा. नेहमी वरचा आधी उघडा. खालून ऑईल सोडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलणार नाही. वरच्या भोकाच्या कडेपर्यंत ऑईल हवं. आमच्या ट्रान्सफर केसमधून ऑईल निघालं ते दुधाच्या चहासारखं. याचा अर्थ आत पाणी. डिफरन्शियलला हायपॉइड गिअरचं जीएल-५ ऑईल लागतं. गिअरबॉक्सला मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला, बहुतेक जुन्या गाड्यांना जीएल-४ असतं. काही जीएल-५ ऑईलमधली रसायनं सिंक्रोनायझरच्या पितळेला मानवत नाहीत.

२. ब्रीदर साफ करणे. पाणी आत कसं गेलं? अ‍ॅक्सलवर एक छोटी नळी किंवा टोपी असते, ती ब्रीदर. चालून चालून अ‍ॅक्सल तापतो, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. तो बंद असेल तर तीच हवा ऑईल सील ढकलून वाट काढते आणि ऑईल गळायला लागतं. उलट, तापलेला अ‍ॅक्सल नाल्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी ओढून घेते. आमच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या ब्रीदरवर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं! सायकलच्या तारेने पाच मिनिटांत साफ झालं. धानाच्या बांध्यांत फिरणाऱ्या गाडीचं हे काम पावसाळ्याआधी आणि नंतर करायलाच हवं.

३. ग्रीस मारणे. प्रॉपेलर शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसला आणि सरकत्या जॉइंटला ग्रीस निप्पल असतो, काही बदललेल्या क्रॉसना नसतो. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारा. पुढच्या चाकांजवळच्या गोल नकलच्या खालून ग्रीस आणि ऑईल यांचं पातळ मिश्रण गळत असेल, तर आतला अ‍ॅक्सल सील गेलेला आहे. सील स्वस्त असतो, पण तो बदलायला बरंच खोलावं लागतं. पहिल्या वेळी शेजारी मिस्त्री असू द्या.

४. दांडा हलवणे. आमचा दांडा का अडकला, ते आता कळलं. ट्रान्सफर केसमधली सरकणारी सळई पाणी लागून गंजली होती आणि वर्षानुवर्षं कोणी तिला हात लावला नव्हता. गंज सोडवणारं तेल दोन दिवस मुरवून, हळूहळू पुढे-मागे करत ती सुटली. मग आधी साधं ऑईल भरलं, पांदण रस्त्यावर थोडं चालवलं, सोडून दिलं आणि नवं भरलं. आता महिन्यातून एकदा, मातीच्या रस्त्यावर दोनशे मीटर फोर-व्हीलमध्ये चालवायचं, असा नियम केला आहे. पुढच्या हबवर 'फ्री' आणि 'लॉक' अशी कळ असेल तर तीही फिरवून बघा. कळ 'फ्री'वर राहिली तर दांडा टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत.

माझी चूक

क्रॉस साफ करायच्या उत्साहात मी मागचा शाफ्ट सरकत्या जॉइंटमधून ओढून वेगळा केला. ग्रीस लावून परत बसवला. गाडी चाळीसच्या वर गेली की खालून अशी थरथर, की डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा. मी इंजिनाचे माउंटिंग तपासले, टायर बघितले. शेवटी अर्जुनीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवलं. ते वाकून शाफ्टकडे बघत म्हणाले, "बापू, खोलताना खूण केली होतीस का?"

केली नव्हती. आणि लाज वाटायचं कारण असं, की हूक्स जॉइंटचा प्रश्न मी थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात पूर्ण सोडवला होता. एक क्रॉस कोनात फिरला की पुढच्या शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. १५ अंशांच्या कोनाला हा चढउतार दोन्हीकडे साधारण साडेतीन टक्के. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असले आणि दोन्ही कोन सारखे असले, तर दुसरा क्रॉस पहिल्याची चूक भरून काढतो. मी ते काटे काटकोनात बसवले होते, म्हणजे दोन्ही चुकांची बेरीज! मार्क मिळाले होते, पण तो शाफ्ट खरोखर हातात आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. तेव्हापासून खोलण्याआधी प्रत्येक जोडावर खडूने रेघ मारतो आणि मोबाईलवर फोटो काढतो.

शेवटी

पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा गाडी दाखवावी लागते. ब्रेक आणि स्टीअरिंग ही कामं घरी शिकत शिकत करू नका, ती जाणकाराकडूनच करून घ्या. बाकी ऑईल, ग्रीस, ब्रीदर आणि दांडा यांना एक पान्यांचा सेट, एक ग्रीस गन आणि एक रविवार पुरतो. आपल्या हॉस्टेलवर अर्धे जण गावाकडचे आहेत. कितीतरी घरी अशी एखादी जीप कोंबड्यांना सावली देत उभी असेल. या सुट्टीत तिचा दुसरा दांडा हलतो का, तेवढं तरी बघा.

आमची जीप भंगारात गेली नाही. यंदा रोवणीला तिने पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहिल्या आणि नाला दोन्ही बाजूंनी पार केला. मोठ्या आईला गाडीतलं काही कळत नाही, पण दर महिन्याच्या एक तारखेला ती मला हॉस्टेलवर फोन करते, "आज दांडा हलवाले सांगितला मी यांले."