येळ्ळूरची मुलगी कुठल्या रकान्यात?

(भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. एम.ए.ला कोल्हापूर की बेळगाव, हे अजून ठरायचं आहे. मामा एका महाविद्यालयाच्या ऑफिसात हेडक्लार्क, सरकारी सर्वेक्षणांचे फॉर्म भरण्यात हात बसलेला. बोलणं बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या घरी, जेवणं आटोपल्यावर.)

भाची : मामा, मी दोन-तीन विद्यापीठांचे एनआयआरएफ क्रमवारीचे तक्ते उतरवून घेतलेत. 'राज्याबाहेरचे विद्यार्थी' असा एक रकाना आहे. ज्याचा आकडा मोठा तिथं विविधता जास्त, असंच ना?

मामा : त्या तक्त्यात तू स्वतः कुठं बसशील, ते आधी सांग.

भाची : मी काय, मराठी...

मामा : मराठी असा रकाना नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नाव घातलंस तर तू 'राज्याबाहेरची'. इथं बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठात गेलीस तर 'राज्यातली'. आता बीदरचा एखादा मुलगा घे. चारशे किलोमीटरहून लांबून बेळगावला येतो, तरी तो 'राज्यातला'. आणि शिनोळीचा पोरगा दुचाकीवरून रोज बेळगावच्या कॉलेजला येतो, तो 'बाहेरचा', कारण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. रकान्याला अंतर कळत नाही, भाषाही कळत नाही. त्याला १९५६ साली आखलेली रेघ तेवढी दिसते.

भाची : म्हणजे सीमेजवळच्या विद्यापीठाला विविधता फुकटात मिळते म्हणा की.

मामा : फुकटात नाही, गुणांत. एनआयआरएफच्या आराखड्यात सर्वसमावेशकतेचा जो भाग आहे, त्यात प्रदेशाच्या विविधतेला ३० गुण. त्यातले २५ इतर राज्यांतल्या विद्यार्थ्यांचे, ५ परदेशी विद्यार्थ्यांचे. तेव्हा सीमेपासून तासाभरावर असलेलं विद्यापीठ आणि राज्याच्या मध्यावर असलेलं विद्यापीठ यांची या एका आकड्यावर तुलना करणं मला तरी पटत नाही.

भाची : पण महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, त्यातलेच आपण. महाराष्ट्र आपल्याला आपलंच धरतो ना?

मामा : धरतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला वादग्रस्त सीमाभागातल्या उमेदवारांसाठी वेगळी सोय आहे. सीमाभागातले असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडला की झालं. बघ, त्या एका फॉर्मवर मातृभाषेला किंमत आहे. विविधतेच्या तक्त्यात ती कुठंच नाही. २०१४ साली वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला, तेव्हा गावात किती लाठ्या पडल्या ते तू लहानपणी पाहिलंयस. त्या फलकावर काय लिहायचं यावर एवढं रामायण झालं, आणि या तक्त्यांत 'राज्य' शब्दाचा अर्थ कुणी विचारतही नाही.

भाची : असू दे. जातीचे रकाने तरी सगळीकडं सारखे असतील?

मामा : तिथं तर जास्त गोंधळ. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या ३बी गटात आहे. कोल्हापूरला गेलीस की ३बी नावाचा रकानाच नाही. महाराष्ट्राचीच आकडेवारी वर्षानुवर्षांची शेजारी-शेजारी मांडलीस तरी घोटाळा होईल. २०१८ ला मराठा आरक्षणाचा कायदा आला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, २०२४ च्या फेब्रुवारीत दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला. मध्येच २०१९ ला आर्थिक दुर्बलांचं दहा टक्के आलं. वर्गात बाकावर बसलेली पोरं तीच, पण त्यांचा गट तीनदा बदलला. एखाद्या विद्यापीठात मागासवर्गीय विद्यार्थी अचानक वाढले किंवा घटले असं दिसलं, की मी आधी त्या वर्षी कायदा बदलला होता का ते बघतो. पोरांकडं नंतर.

भाची : आणि शिक्षकांचं काय? त्यांची यादी आहे इथं. नाव, वय, पदनाम, लिंग, शिक्षण, अनुभव... जात कुठाय?

मामा : नाही. आता बरोबर जागी बोट ठेवलंस. या तक्त्यात विद्यार्थ्यांचं लिंग, राज्य, सामाजिक गट, आर्थिक स्थिती सगळं मोजतात. शिक्षकांचं फक्त बाई की पुरुष. आणि तिथंही पूर्ण गुण मिळायला विद्यार्थिनी ५० टक्के हव्यात, पण शिक्षिका २० टक्के असल्या की भागतं.

भाची : वीसच?

मामा : वीसच. देशात २०२०-२१ सालीच उच्च शिक्षणातल्या शिक्षकांत ४२.९ टक्के बायका होत्या. म्हणजे बहुतेकांनी परीक्षेला बसायच्या आधीच पास व्हावं अशी अट. शिक्षकांचे सामाजिक गट बघायचे तर केंद्राचं दुसरं सर्वेक्षण आहे, एआयएसएचई. त्यात शिक्षकांचीही जातवार माहिती भरावी लागते. त्याच वर्षाचे आकडे सांगतो, वहीत घे. विद्यार्थ्यांत अनुसूचित जाती १४.२ टक्के, शिक्षकांत ९.१. जमाती विद्यार्थ्यांत ५.८, शिक्षकांत २.५. ओबीसी विद्यार्थ्यांत ३५.८, शिक्षकांत ३२.२.

भाची : म्हणजे बाकावरचा वर्ग पुरता फळ्यापर्यंत पोचतच नाही.

मामा : जमातींच्या बाबतीत तर निम्म्याहून कमी. विद्यापीठांची तुलना करायची तर मला हा फरक जास्त बोलका वाटतो. प्रत्येक विद्यापीठाचे विद्यार्थी आणि त्याच विद्यापीठाचे शिक्षक, एकाच वर्षाचे, शेजारी ठेवायचे. त्यात सीमा आड येत नाही, कारण दोन्ही बाजूंना एकाच राज्याचे गट असतात.

भाची : पण शिक्षकांत एवढे कमी का? आरक्षण तर आहे.

मामा : बिंदुनामावली ऐकली असशील. जागांना क्रमांक देतात आणि कुठल्या क्रमांकावर कुठला गट ते ठरलेलं असतं. केंद्राच्या नियमात चौथी जागा ओबीसीला, सातवी अनुसूचित जातीला, चौदावी जमातीला. आता मोजायचं कुठं, अख्ख्या विद्यापीठात की एकेका विभागात? २०१७ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं विभाग धरून मोजायला सांगितलं, २०१८ ला यूजीसीनं तसं पत्रक काढलं. विभागात तीन जागा असतील तर?

भाची : चौथा नंबर येणारच नाही!

मामा : लवकर तरी नाहीच. चौदा प्राध्यापकांचा विभाग तू तरी पाहिलायस का? देशभर ओरड झाली, मग २०१९ ला केंद्रानं कायदा करून आपल्या संस्थांत पूर्ण विद्यापीठ हे एकक धरलं. तक्त्यात हे दिसत नाही, पण आकडा तिथूनच येतो. टक्केवारीचंही तसंच. चार शिक्षकांच्या विभागात एक बाई म्हणजे २५ टक्के. ती निवृत्त झाली की शून्य. तेवढ्यावर विभाग सुधारला की बिघडला, हे ठरवू नये. आणि यादीत कायम किती, अतिथी व्याख्याते किती, तेही विचार. सीमेपलीकडं त्यांनाच तासिका तत्त्वावरचे म्हणतात. शिकवतात तेच, पगार दोन तऱ्हेचे.

भाची : मग आपल्या विद्यापीठात मराठी मुलं किती आणि मराठी बोलणारे शिक्षक किती, हे कुठंच मिळणार नाही? जनगणनेत मिळतं की. २०११ ला जिल्ह्यात मराठी मातृभाषेचे १९ टक्क्यांच्या आसपास होते.

मामा : मुलांचं मिळू शकेल. प्रवेश अर्जावर मातृभाषा बऱ्याच ठिकाणी लिहून घेतात, पुढं कुणी बेरीज करत नाही. माहिती अधिकारात माग. दहा रुपये शुल्क. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, असा नियम आहे. मातृभाषेनुसार प्रवेश, गेल्या पाच वर्षांचे, विभागवार. एवढंच लिही, गोष्ट सांगत बसू नकोस.

भाची : मराठीत लिहिला तर?

मामा : कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे. इथली राजभाषा कन्नड.

भाची : मराठी किती आहेत, हे कन्नडमध्ये विचारायचं?

मामा : नाहीतर इंग्रजीत. कन्नड तुझं बरं आहे, कन्नडमध्येच लिही. टेबलावरचा माणूस लवकर वाचेल.